मोजदाद

गेदिकपाशाच्या बोळातून तो आला
तेव्हा मी आधी त्याची नखं पाहिली.
कडांना सुकलेलं सोल्यूशन, मधाच्या रंगाचं.
नाव झेकेरिया. वय एकोणीस.
काम? बुटांचे तळ चिकटवतो, नियाझी उस्ताकडे,
तळघरात, सहा जण, खिडकी नाही.
"थंडीत दारही लावून घेतो," म्हणाला,
"नाहीतर सोल्यूशन थिजतं."

सुई काढली, कापूस दाबून धरला.
दाबूनच धरला.
त्याचं रक्त थांबायचं विसरलं होतं.

भिंगाखालच्या काचेवर बारीक चौकटी आखलेल्या असतात.
मी पेशी मोजते, अंगठ्याखाली यंत्र टिकटिकतं.
धडधाकट माणसाचं रक्त असलं की अंगठा दुखून येतो.
झेकेरियाच्या रक्तात शोधावं लागलं.
इथे एक.
मग बराच वेळ कोणी नाही,
सणाच्या सकाळचा बाजार जसा:
फळ्या लावलेल्या, आणि एखादं मांजर.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी हाडातली मज्जा काढून पाहिली.
जिथे रक्त घडतं तिथे नुसती चरबी.
कारखाना उघडा, कामावर कोणी नाही.

"वासानं का?" त्यानं विचारलं.
"पण वास तर गोड आहे, ताई.
सुरुवातीला डोकं हलकं होतं, उगाच हसू येतं.
आम्ही त्याला फुकटची दारू म्हणतो."

त्या महिन्यात आणखी तिघे आले, त्याच बोळातले.
रजिस्टरात मी चारही नावं एका रेघेनं जोडली,
शिसपेन्सिलीनं.
कुणी विचारलंच तर खोडता आली असती.

नियाझी उस्ता भेटायला आला, पिशवीभर संत्री घेऊन.
"बावीस वर्षं हेच सोल्यूशन वापरतोय,
मला कुठे काय झालं?"
संत्री टेबलावर ठेवताना बाही वर सरकली.
मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे डाग.
त्यानं बाही खाली ओढली
आणि भाव सांगत बसला, चामड्याचे.

सणासाठी मी पोराला बूट घेतले.
खोकं उघडलं. खरंच, वास गोड होता.
तीन दिवस गॅलरीत वाऱ्यावर ठेवले.
पोर रडलं, जुनेच घालून आजोबांकडे गेलं.
शेजारीण म्हणाली, कुणी उचलून नेईल हो.

चौथ्या दिवशी आत आणले, उलटे करून पाहिले.
टाचेजवळ, सुकलेल्या सोल्यूशनमध्ये
अंगठ्याचा ठसा होता.
त्याच्या रेषा मी मोजायला लागले
आणि दोनदा चुकले.