जास्तीचं

बाबा मीटर वाचायचे.
ओळखपत्रावर शांतवन आबाजी उबाळे,
भद्रकालीच्या बोळांत नुसते लाईटवाले.
दिवसाला ऐंशी दारं.
टॉर्च मारायचा, आकडा लिहायचा,
पुढचं दार.
पगार एवढ्याचाच होता.

‘पण साहेब, आलाच आहात तर...’
या पाच शब्दांत त्यांची संध्याकाळ जायची.
तांबट गल्लीतल्या द्वारकाबाईंचा हंडा
माळ्यावरून उतरवायचा.
खतीब चाचांना औषधावरची तारीख वाचून दाखवायची,
ती उलटून गेलेली निघाली की
मेनरोडला जाऊन नवी पट्टी आणायची.
कुणाच्या जिन्यात बल्ब लावायचा,
स्वतःच्या खिशातला.

शरणपूरला आमच्या मोरीतला दिवा
चार महिने बंद होता.
आई अंधारात भांडी घासायची,
बोलायची नाही काही,
फक्त जरा जोरात घासायची.

मी बोलले. चौदा वर्षांची होते.
‘ऐंशी घरांना तुम्ही मिळता,
आम्हाला तुमचे दुखरे पाय.’
रागावले नाहीत.
शर्टाच्या खिशातून बल्ब काढला,
(उद्या कुणाकडे तरी लावायचा असणार तो)
स्टुलावर चढले, लावला.
भिंतीवरची बुरशी दिसली, आईचे हात दिसले.
मला तो उजेड नकोसा झाला.

एका रविवारी चर्चमध्ये
पाळकसाहेबांनी तोच धडा घेतला:
शिपाई बळजबरीने ओझं देतो, एक कोस चालवतो,
आणि प्रभू म्हणतो, दोन जा.
पहिला कोस सरकारचा, पाळकसाहेब म्हणाले,
दुसरा तुमचा स्वतःचा.
फार सुरेख बोलले. दोघीतिघींनी डोळे पुसले.
बाबा तिसऱ्या बाकावर झोपले होते,
तोंड उघडं,
बुटांवर कुंभारवाड्यातली राख.
आईने कोपर मारलं नाही.
पदर जरा लांबवला
आणि खिडकीतून त्यांच्या डोळ्यांवर येणारं ऊन
धडा संपेपर्यंत धरून ठेवलं.

मी आता सिव्हिलला केसपेपर काढते.
खिडकी दोनला बंद.
काल दोनला पाच कमी असताना
सुरगाण्याकडचा एक म्हातारा आला.
नाव लिहिलं, वय अंदाजे लिहिलं,
एक्स-रे कुठे ते सांगितलं.
झालं माझं काम.
तो कागद उलटा धरून तिथेच उभा.
‘आलोच आहे तर’ हेसुद्धा त्याला म्हणता येईना.

उठले. चिडतच उठले,
उगाच चांगलं लिहायला नको.
बाबा कधी मनातून चिडायचे का,
विचारायचं राहून गेलं.

कॉरिडॉर काही कोसभर नव्हता,
दोनशे पावलं असतील.
त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला,
म्हणून चारशेंच्या वेळेची.
अर्ध्यात थांबून तो म्हणाला,
‘बाई, तुमाला उशीर व्हत आसंल.’

होतच होता.