कमिटी हॅज, कमिटी हॅव

वडगावच्या विणकर सोसायटीत
महिन्यातून दोन शनिवार मी जाते,
इंग्रजी पत्रं लिहून द्यायला.
फी घेत नाही. दिवाळीला एक लुगडं देतात,
ज्याचा काठ कुठंतरी हुकलेला असतो.

सेक्रेटरी ईरण्णा ढवळींनी कागद सरकवला:
‘बँकेला कळवायचं की बाई, मागची शेड
विकायचं ठरलंय.’

ठरलंय.
किती सोय आहे आपल्या भाषेत!
ठरतं, आणि ठरवणारा कुणी नसतो.
इंग्रजीत क्रियापदाच्या आधी
कुणालातरी खुर्चीवर बसवावंच लागतं.
बसवली. द कमिटी.
आणि पुढं बोट अडलं.
हॅज, की हॅव?

शाळेत पोरांना सांगते मी,
एकमतानं वागली तर कमिटी एकवचनी,
आपापसात भांडली तर अनेकवचनी.
पुस्तकाला दोन्ही चालतं,
पेपर तपासणाऱ्याला एकच.
नववीतली शिवलीला अंगडी विचारते,
‘टीचर, भांडून गप्प बसली असली तर?’

म्हणून विचारलं, ‘सगळ्यांनी ठरवलंय ना?’
अकरा खुर्च्या.
पाचसहा माना हलल्या,
कुठल्या बाजूला ते नीट कळलं नाही.
लोकरे मिस्त्री खिडकीबाहेर बघत राहिले.
गंगव्वा म्हणाली, ‘नम्म मग्ग अदाव अल्लि.’
आमचे माग आहेत तिथं.
मग्ग काय, माग काय,
गल्लीतून चालताना नुसत्या ठोक्यावरून
सांगून दाखवा, घर कुठल्या भाषेचं.

भिंतीवर रुद्राप्पांचा फोटो, चंदनाचा हार.
एकटा माणूस,
पण जन्मभर अनेकवचनात वावरला.
रुद्राप्पा आले, रुद्राप्पा बसले.
कन्नडातही तसंच, बंदरु, कूतरु,
आणि मार्चातल्या एका दुपारी
होदरु. गेले.
त्यांच्या फोटोखाली हे अकरा जण,
आणि रजिस्टरात काय?
कमिटी जमली. कमिटी बसली. कमिटी उठली.
जशी कुणी एकटी बाई,
पदर सावरत.

मी हॅव लिहिलं.

आठवड्यात पत्र परत आलं.
हॅवभोवती हिरव्या शाईचा गोल,
समासात शेरा: ग्रामर तपासा, ठराव जोडा.
आता ठराव जोडायचा तर सभा घ्यायला हवी,
सभा घ्यायची तर तोंड उघडायला हवं.
ईरण्णा तडकले, ‘एवढ्याशा शब्दापायी, बाई!’
गंगव्वानं विचारलं, ‘कुठला शब्द?’
दाखवला.
तिला वाचता येत नाही.
तिनं कागद उजेडासमोर धरला,
काठ तपासतात तसा,
आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

आज सभा आहे. साडेतीनची, म्हणजे पाचला.
लोकरे मिस्त्री आज
खिडकीकडं पाठ करून बसलेत.
पोऱ्यानं कप मोजून मांडले, अकरा,
आणि एक कानतुटका, माझा.
‘चहा आला,’ सगळे म्हणाले.
चहाच्या बाबतीत इथं कधी वाद नाही.

लॅपटॉप उघडून बसलेय.
द कमिटी, एवढं लिहून ठेवलंय.
पुढं रेघ लुकलुकतेय,
आणि पलीकडं दोन आवाज
एकदमच सुरू झालेत.