तक्रार क्रमांक एकवीस

माशेलची पुतळीबाय
डेपोच्या खिडकीशी आली,
अबोलीच्या पाटलीसकट.
म्हणाली, लिही:
जुनी बस चढणीला लागली
की तिसऱ्या वळणावर गियर रडायचा,
तेवढ्यात माझी शेवटची फाती वळून व्हायची.
डोळ्यांत मोतीबिंदू.
तुमची ही विजेची बस
मांजरासारखी येते, जाते.
दोन दिवस फुलं दारातच सुकली.

मी रकाने शोधले:
गैरवर्तन, उशीर, सुटे पैसे.
हिचा रकाना नव्हता.

"इतके कोटी घातले म्हणे सरकारनं.
थोडा आवाज घ्यायला
उरले नाहीत?"

आता आग्नेल ड्रायव्हर
तिसऱ्या वळणावर,
'हॉर्न वाजवू नये' पाटीखालीच,
दोनदा हॉर्न देतो.
मी ते कुठेच नोंदवलेलं नाही.