फळ्यावर मावली नाही ती सूचना

सभासदहो,
खडूही संपला आणि फळाही,
म्हणून उरलेलं वहीच्या पानावर लिहून
फाटकाला सुतळीनं बांधते आहे.
बकरीनं खाल्लं तर सांगा, पुन्हा लिहीन.

टाकीला पाणी आता आठव्या दिवशी.
ज्याला पटत नाही त्यानं नगरपालिकेत जावं,
माझ्या दारात येऊ नये.
मिळेल ते पहाटे घाला, बुडाशी घाला,
पानांना आंघोळ नको.
दहानंतर भुसावळचं ऊन
थेंबाला जमिनीपर्यंत पोचू देत नाही,
वाटेतच मागून घेतं.

युनूस तडवींच्या ओळखीनं रावेरहून
केळीची वाळकी पानं आली, छोटा हत्ती भरून.
प्रत्येकी दोन भारे. वाफ्यावर वीतभर अंथरा.
बंब पेटवायला नेऊ नका.

मेथी फुलावर गेली, तिला आता खुडू नका.
पिवळी होऊ द्या, शेंगा वाजू द्या,
खुळखुळा झाला की बी तुमचं.
डब्यात राख घाला, वर कडुनिंबाचा पाला.
ज्या टमाट्याची पानं चुरमडली आहेत
ती झाडं मुळासकट उपटा,
खताच्या खड्ड्यात टाकू नका.
हे लिहिताना माझीही दोन उपटून आले आहे.

भरताच्या वांग्याचा हा शेवटचा तोडा.
दाबून पाहा, टणक लागलं तर बी धरलंय,
ते राहू दे. बाकीची रविवारी.
पऱ्हाट्या बऱ्हाटे आणतील
(यावरून त्यांना चिडवून झालेलं आहे),
बडगी माझ्याकडची.
बियाण्याच्या फळाला लाल चिंधी बांधलेली असते.
मागच्या साली तेही कुणीतरी भाजून खाल्लं.
कडूच लागलं असणार.

होळीला मांडवाच्या काठ्या नेऊ नका.
मागच्या वेळी तीन गेल्या.
कुणी नेल्या ते मला माहीत आहे,
त्याची आई इथेच दुधी लावते.

आता वाफा नंबर सात.

मंजुळाबाई अत्तरदे दिवाळीनंतर
डोळ्याच्या ऑपरेशनला लेकीकडे नाशिकला गेल्या,
पुढचं तुम्हाला माहीत आहे.
वाफा पडीक, असं मीच वहीत लिहिलं.
पार्सल ऑफिसात तीस वर्षं नोंदी केल्या,
माल न बघता कधी सही केली नव्हती.
इथे केली.

यादीत पहिलं नाव निखिल सपकाळेचं.
परवा त्यानं कुदळ घातली,
आणि तसाच उभा राहिला, नाकाशी मूठ धरून.
लसूण.
जायच्या आधी लावून गेल्या होत्या,
कुणाला बोलल्या नाहीत.
गवत समजून आम्ही चार महिने
त्यावरून पाईप ओढला.
आणि पाईपाची गळती नेमकी तिथेच,
जी बुजवा म्हणून मी तीनदा भांडले.

पात पिवळी पडून मान टाकली होती,
म्हणजे वेळेवरच निघाला.
मोजला: त्रेपन्न गड्डे. लहान आहेत.
जुड्या बांधून पंपाच्या खोलीत टांगल्यात, सावलीत.
दहा दिवस हात लावू नका.
मग दर वाफ्याला तीन,
लेकीला टपालानं पाच,
आणि सगळ्यात ठसठशीत सहा मी बाजूला काढलेत
कार्तिकासाठी. पाकळी सोलायची नाही, टोक वर,
बोटाच्या दोन पेरांइतकं खोल.
तेव्हा मी असले-नसले तर हे पान जपा.

सात नंबर सपकाळेच्या नावावर केला.
आधीचं नाव खोडायचं राहिलंय.

गळती बुजवायची की नाही ते बैठकीत ठरवू.
बैठक रविवारीच, भरताच्या आधी,
नंतर कुणी थांबत नाही.
कळण्याच्या भाकरी तडवीण करणार आहे.
ताट आपापलं आणा.

यमुना भंगाळे,
वाफा नंबर अकरा