फॅमिली क्वार्टर

लॅम रोडवरून देवळाली कँपात आत वळलं
की निलगिरीच्या दोन झाडांमागे आमचा बंगला.
दिनामाय नावाच्या बाईंनी जाताना लिहून ठेवलं,
मिलिटरीच्या इस्पितळात ज्यांचं माणूस आहे
त्यांनी इथे राहावं, पैसे न देता.
आणि खाली एक ओळ वेगळ्या शाईत:
चहा पाजल्याशिवाय कुणाला नाव विचारू नये.

म्हणून मी आधी गॅस पेटवतो,
मग रजिस्टर उघडतो.

नाव. गाव. पेशंटचा हुद्दा. नातं.
आणि पाचवा रकाना: किती दिवस.

तिथे सगळ्यांचंच पेन अडतं.
नंदुरबारच्या वसाव्यांच्या पोरानं
नुसती आडवी रेघ मारली.
मालेगावच्या मुनीराबी म्हणाल्या,
तुम्हीच लिहा भाऊ, तुमचं अक्षर चांगलं आहे.
जसं काही अक्षरावर असतं ते.

ठकूबाई गांगुर्डे आल्या मंगळवारी,
कळवणकडून, दोन एसट्या बदलून.
डोक्यावर नागलीच्या पिठाचं गाठोडं
आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर नवऱ्याची काळी ट्रंक,
कागद सगळे हिच्यातच म्हणून आख्खी उचलून आणलेली.
मालक तोफखान्यात. हवालदार. नाव निवृत्ती.
"नावाप्रमाणे झाले एकदाचे," म्हणाल्या,
"पण चोवीस वर्षं लावली."

चार नंबरची खोली उघडून दिली.
लोखंडी खाट, मच्छरदाणी, कोपऱ्यात ओटा.
त्या उंबऱ्यातच थांबल्या.
"ही आमची?"
हो, म्हटलं, पेशंटला सोडेपर्यंत.
मग भिंतीला हात लावून, भिंतीलाच सांगावं तसं:
"किती अर्ज केले होते ह्यांनी.
बबिन्याहून, पठाणकोटहून, जिथं जातील तिथून.
फॅमिली क्वार्टर पाहिजे.
यादीत नंबर वर सरकायचा
आणि नेमकी बदली यायची.
गावात बोलायचीपण सोय नाही,
क्वार्टर म्हटलं की लोक बाटलीच समजायचे."
हसल्या.
"मी आपली सासूपाशी. कांदे, शेळ्या, तीन बाळंतपणं.
वर्षाचा दोन महिने नवरा.
आणि आज बघा,
कँपात खोली.
आणि हे पलीकडं, वॉर्डात."

संध्याकाळी पाहिलं तर ट्रंक दाराशी आणून ठेवलेली,
पांढऱ्या रंगातला नंबर, हुद्दा, नाव
बाहेरच्या बाजूला, येणाऱ्याला वाचता येईल असं.

सकाळी रेंजवर तोफा सुरू झाल्या.
तावदानं थरथरतात, नवीन माणूस दचकतं,
मुनीराबींची नात तर पलंगाखालीच गेली.
ठकूबाई भाकरी थापत होत्या, थापतच राहिल्या.
"ह्यानंच कान गेले ह्यांचे.
पण पाठीला कळतं.
आत्ता खाटेवर पडल्या पडल्या मोजत असतील."
आणि पिठाच्या बोटांवर
त्याही मोजू लागल्या.

भेटायच्या वेळेला डबा धरून मीही गेलो होतो.
म्हाताऱ्यानं ऑक्सिजनच्या मास्कमागून तिला पाहिलं,
दहा बोटं दाखवली. मग एक.
तिनं दहा दाखवली. मग एक.
नर्सला वाटलं, कशाचा तरी भाव चाललाय.

तीन आठवडे झाले.
वसाव्यांचं पोर गेलं बापाला घेऊन घरी,
जाताना डब्यात दोन शेर तांदूळ ठेवून,
पुढच्या माणसासाठी.
मुनीराबी एका रात्री गेल्या,
तेव्हा चहा कुणीच घेतला नाही.

काल म्हटलं,
ठकूबाई, पाचवा रकाना कोराच आहे तुमचा,
ऑडिटर माझ्यावर ओरडतो.
त्यांनी माझाच चष्मा मागून घेतला,
पेन मुठीत धरलं, विळा धरावा तसं,
आणि रेघेच्या खाली घसरत, सावकाश, लिहिलं:

बदली येईतो.

ऑडिटर मार्चमध्ये येईल.
तेव्हाचं तेव्हा बघू.