आठ राजे, त्यातले सहा

बँडचं नाव ‘मोबीलचे आठ राजे’.
मोजाल तर आम्ही सहा.
ऑरेलियस थिबो म्हणायचा, दोघं वाटेत आहेत,
आणि दोन रिकाम्या खुर्च्या मांडायचा
प्रत्येक नाचाला, प्रत्येक लग्नाला,
एकदा तर बोटीवर, जिथे आम्हालाच टेकायला जागा नव्हती.

दिवसा तो बर्फ विकायचा.
पहाटे चारला लाद्या उचलायच्या,
वर भुसा, भुशावर ओलं पोतं,
पुढे सिनेटर नावाचं खेचर,
जे नावाला जागून कुणाचंच ऐकायचं नाही.
वितळायच्या आत पोचायचं,
हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं
की रात्री कॉर्नेट ओठाला लावण्याआधी
तो फक्त ‘एक, दोन’ म्हणायचा, आणि सुरू.
तीन आणि चार?
‘वितळले,’ म्हणायचा.
लोकांना वाटलं ही शिकागोची नवी तऱ्हा.
आम्ही माना डोलावल्या, आणि धापा टाकत मागून धावलो.

नोटेशन वाचता येत नव्हतं, पण स्टँडवर कागद हवाच.
बर्फ कारखान्याचं बिल असायचं ते, बहुधा थकलेलं.
एकदा मेयरची बायको चष्मा लावून वाकली.
हे काय लिहिलंय हो?
‘बाईसाहेब, फार दुःखी चाल आहे.’
आणि ते काही खोटं नव्हतं.

सेलेस्टीन, त्याची बायको,
दर सोमवारी कॉर्नेट गहाण टाकायची.
शुक्रवारी तो सोडवून आणायचा.
मधल्या दिवसांत दुकानदार ड्रिस्कल
मागच्या खोलीत त्यावर सराव करायचा म्हणे,
आणि वाईट वाजवायचा नाही.
सातवा राजा तिथेच होता. आम्ही विचारलं नाही.

चोवीस साली हॉटेलच्या खोलीत दोन गोरे साहेब आले,
भिंतीतून डोकावणारा एक भलामोठा कर्णा घेऊन.
यात वाजवा म्हणाले.
थिबोचा डावा बूट जमिनीवर असा आपटायचा
की मेणावरची सुई उडायची.
बूट काढा. काढला. मोज्याला भोक.
टाच तरी गप्प बसेना.
शेवटी त्याला गादीवर उभं केलं, गादी दाराबाहेर,
तर रेकॉर्डवर आम्ही पाच जण आहोत
आणि लांब कुठेतरी एक माणूस
रात्री घर शोधत येतोय तसं ते कॉर्नेट.
मिस ओडेसा पियानोवर असायची, तीही राजाच.
ती म्हणते, त्याचं सगळ्यात चांगलं वाजवणं तेच,
कारण त्यात तो आपल्याला घाई करत नाही.

आता पैशाचं.
मिळकतीचे वाटे आठ. हो, आठ.
गैरहजर राजांचे दोन तो आपल्या खिशात टाकायचा.
अकरा वर्षं आम्ही कुरकुरलो.
पर्सिव्हलने एकदा ड्रमची काठी फेकून मारली,
नेम चुकला,
अंधारात ती शोधून दिली थिबोनेच.

तो गेल्यावर सेलेस्टीनने वही काढली.
एक वाटा जॅस्परच्या पोरांना,
जॅस्पर, आमचा ट्रॉम्बोनवाला, अठराच्या तापात गेलेला.
दर पंधरवड्याला, न चुकता.
दुसरा सिनेटरच्या चाऱ्याला.
मी अर्धा रागावलो, अर्धा नाही,
आणि बँजोची तार उगाच पिळत बसलो.

शेवटची गाडी तीच, बर्फाची.
सिनेटर म्हातारा, एका डोळ्याने आंधळा, रस्ता पाठ.
मिसेस गॅफनीच्या दाराशी थांबला.
मग न्हाव्यापाशी. मग मासळीवाल्यापाशी.
ओढा, ढकला, गाजर दाखवा, हलेना.
बर्फ तिथे उतरायचा, म्हणजे उतरायचा.
माणसं बाहेर आली,
दोघी-तिघी तर सवयीने हातात पातेलं घेऊन.
आम्ही काय करणार,
प्रत्येक दाराशी एक एक चाल वाजवली,
‘एक, दोन’ म्हणून.

कब्रस्तान वीस मिनिटांवर.
पोचलो तेव्हा दिवे लागले होते.
पाद्री घड्याळ मिटत म्हणाला, आले का सगळे?
ट्यूबावाल्या हेझेकायाने आम्हाला मोजलं,
मग मागच्या रस्त्याकडे बघून म्हणाला,
‘दोघं वाटेत आहेत.’