गोड बातमी

हिरकण भोये आली तेव्हा तिला सव्विसावा आठवडा होता
आणि बागेत डिपिंगचा दुसरा हात चालू होता.
नखांच्या कडा पिवळट,
साबणाने निघत नाहीत म्हणाली, राखेनेही नाही.

पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज, तीनशे मिली पाणी,
वर अर्धं लिंबू माझ्या पदरचं.
"ताई, हे तर सरबत."
मग उपकेंद्राच्या पायरीवर दोन तास,
किती हजेरी बुडाली ते पेरांवर मोजत.

आमच्याकडे दिवस गेले की गोड बातमी म्हणतात.
एकशे चौसष्ट.
किती गोड, ते मी लाल पेनाने कार्डावर लिहिलं.

आईला साखर? नाही.
बापाला? तो अजून सुरगाण्याचा घाट चढतो.
आधीचं बाळ? अडीच किलो.
भात फार खातेस का?
"मिळाला तर."
रकाने संपले.
ब्लोअरच्या मागे किती दिवस,
औषधात मनगटापर्यंत हात किती तास,
डबा कुठल्या पाण्याने धुतलास,
याला रकाना नव्हता.
मी समासात पेन्सिलीने लिहिलं: द्राक्षबाग.

बाग आमचीच.
हे आधी सांगायला हवं होतं.

गोडी मोजायची सवय आहे या दिंडोरी तालुक्याला.
नवरा मणी चिरडतो, थेंब काचेवर सोडतो,
एक डोळा मिटून उजेडाकडे बघतो:
"अठरा. उतरली साखर."
त्याच्या खिशात भोकांची पट्टी असते.
सोळाच्या भोकातून जो मणी खाली पडला
तो गावच्या बाजाराचा.
जो अडकला तो समुद्रापार.
मणी फुगावा म्हणून तर एकेक घड
हिरकणने पेल्यात बुडवलेला,
मूल न्हाऊ घालावं तसा, खालून हात देऊन.

कंटेनर भरायच्या आधी नमुना नाशिकला लॅबमध्ये जातो.
रिपोर्ट येतो, जेवणाच्या ताटाएवढा लांब,
औषधांची नावं, प्रत्येकापुढे
शून्य, टिंब, शून्य आणि मग कुठे एक आकडा.
आकडा हलला तर माल परत.
तिकडच्या कुणा बाईच्या पोटात जायचं असतं ना ते.

हिरकणच्या दंडातून मीही रक्त काढते.
हिमोग्लोबिन, साखर, अजून दोन-तीन.
त्या यादीतलं एकही नाव मी तिच्यात शोधत नाही.
तशी नळीच येत नाही आमच्याकडे.

औषधामुळेच झालं असं मी म्हणत नाही.
मला माहीत नाही.
गेल्या साली तिच्याच टोळीतली यमू,
तीच बाग, तोच पेला, साखर अगदी नेमात,
तिचं पोर एक किलो आठशे भरलं,
मुठीत मावेल असं.
एका बागेची दोन मापं कशी,
हे मी डॉक्टरांना विचारलं.
"अभ्यास चालू आहेत," ते म्हणाले,
आणि पुढचं कार्ड ओढलं.

मार्चमध्ये एकशे आठमधून मी तिच्यासोबत सिव्हिलला गेले.
रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोडणी, क्रेट, कात्र्यांचा आवाज.
मुलगी झाली. चार किलो शंभर.
वॉर्डातल्या बायका उठून बघायला आल्या,
बाळसं घेऊनच आली म्हणे!
कुणी काजळाचं बोट लावलं, कुणी मला दटावलं,
"वजन बोलू नका सिस्टर, दृष्ट लागते."

तेवढ्यात तिथल्या नर्सने टाचेला टोचलं.
छत्तीस.
एवढ्या भरल्या अंगात एवढीच साखर.
नाळ तुटली, आईकडून येणारी गोडी थांबली,
आणि आतली सवय अजून तशीच खर्च करत राहिली.
"पाजा, लगेच पाजा."
हिरकणने तिला उचललं,
खालून हात देऊन.

रात्री घरी आले.
अंगणात पांढरी खोकी रचलेली, दोरी, चिकटपट्टी.
नवऱ्याने मान वर न करता विचारलं,
"किती भरलं?"

मी माप सांगितलं नाही.
हात धुवायला मोरीवर गेले
आणि बराच वेळ धूतच राहिले.